सत्तरीच्या पलीकडे बाबा, अलीकडे आई: सरकारी आरोग्य विम्यातून दोघांना नेमके काय मिळते?

त्रिमूर्तीनगरची लेक

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला राहतो. माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि आई ६८ वर्षांची. बाबा अनुदानित शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले असून त्यांना निवृत्तिवेतन मिळते. घरचे रेशन कार्ड शुभ्र आहे आणि त्यावर दोघांचीच नावे आहेत. अलीकडे बाबांना जिना चढताना धाप लागते, म्हणून डॉक्टरांनी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, करून घ्यायला सांगितले आहे. तातडी नाही, पण फार लांबवूही नका, असे ते म्हणाले. आईला मधुमेह आहे आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांचे दुखणे वाढत चालले आहे.

दोघांची मिळून एक खासगी पॉलिसी आहे. तिचा हप्ता दरवर्षी इतका वाढतो की, "सरकारने सत्तरीच्या पुढच्यांना पाच लाख दिलेच आहेत, मग ही पॉलिसी कशाला?" असे बाबा आता म्हणू लागले आहेत. शेजारचे काका सांगतात की निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना ती योजना नाहीच, तर सेवा केंद्रातला मुलगा सांगतो की आहे. आईचे काय, हे तर कोणीच नीट सांगत नाही. ज्यांनी ही कामे प्रत्यक्ष केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ऐकीव माहितीवर बाबांचा उपचार ठरवायची माझी तयारी नाही.

माजी समाजसेवा अधीक्षक

ताई, तुमच्या घरात दोन वेगळ्या योजना लागू होतात. त्या एकच आहेत असे समजल्यामुळे बहुतेक घरांत गोंधळ होतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या सांगतो.

बाबांची योजना केंद्राची आहे. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा ती मुख्यतः २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेतून निवडलेल्या गरीब कुटुंबांसाठी होती. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता तिच्यात घेतले आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले. त्यामुळे निवृत्तिवेतन, स्वतःचे घर, शुभ्र रेशन कार्ड यांपैकी काहीही बाबांच्या आड येत नाही. त्यांचे वय फक्त आधारवरून पाहिले जाते. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आधीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते, प्रतीक्षा कालावधी नसतो.

आईची योजना राज्याची आहे. ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये नागपूरसह राज्यभर आली आणि २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. पूर्वी तिच्यात पिवळे किंवा केशरी कार्ड लागे आणि मर्यादा दीड लाखाची होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख झाली आणि शुभ्र कार्डधारकही आत आले. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. थोडक्यात, आई सत्तरीची नाही म्हणून ती उघड्यावर आहे असे अजिबात नाही. तिच्यासाठी रेशन कार्ड आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र तयार ठेवा. रेशन कार्ड नसलेल्या कुटुंबाने तहसील कार्यालयातून अधिवास दाखला काढून ठेवावा.

आता "पाच लाख मिळतात" या वाक्याबद्दल. हे पैसे कोणाच्या खात्यात येत नाहीत. योजनेच्या यादीतील प्रत्येक उपचाराला ठरलेल्या दराचे पॅकेज असते, त्यात सामान्य वॉर्डातील खाट, औषधे, तपासण्या, इम्प्लांट आणि जेवण येते, आणि ते पॅकेज योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच वापरता येते. आधी बिल भरून नंतर परतावा मागण्याची सोय नाही. म्हणून कार्ड हातात आल्यावर काम संपत नाही. बाबांना जे करायचे आहे ते नेमके कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागाखाली मंजूर होते, हा प्रश्न भरतीच्या आधी सुटला पाहिजे.

लक्ष्मीनगरचा सोमवार कट्टा

हा शेवटचा मुद्दा अधोरेखित करावासा वाटतो. एखादे रुग्णालय योजनेत आहे, याचा अर्थ तिथले सगळे विभाग योजनेत आहेत असा होत नाही. धंतोली-रामदासपेठेत दर चार पावलांवर रुग्णालय आहे, पण एखादे हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी नोंदलेले असते आणि हृदयविकारासाठी नसते. माझ्या मोठ्या बंधूंच्या वेळी आम्ही दारावरचा फलक पाहून थेट आत गेलो, दोन दिवस पैसे भरून काढले, आणि मग त्यांचा आजार तिथे योजनेखाली घेतच नाहीत असे कळले. त्या दोन दिवसांचे पैसे परत मिळाले नाहीत.

त्रिमूर्तीनगरची लेक

दोघांचेही आभार. मग अँजिओग्राफी कशी करावी? एका ठिकाणी ती बाहेरूनच, म्हणजे पैसे भरून करून घ्या आणि पुढे काही निघाले तर योजनेचे बघू, असा सल्ला मिळाला आहे.

माजी समाजसेवा अधीक्षक

तो सल्ला घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. केवळ निदानासाठी केलेल्या सुट्या तपासण्या केंद्राच्या योजनेत येत नाहीत, आणि बाह्यरुग्ण विभागातील सल्ला व रोजची औषधेही येत नाहीत. परंतु अँजिओप्लास्टीचे, म्हणजे रक्तवाहिनीतला अडथळा उघडून स्टेंट (बारीक जाळीदार नळी) टाकण्याचे पॅकेज निदानाच्या अँजिओग्राफीसह धरलेले असते. म्हणून ज्या रुग्णालयात पुढे स्टेंट टाकण्याची सोय आहे आणि जे हृदयविकार विभागासाठी योजनेत नोंदलेले आहे, तिथेच आधी जाऊन बाबांचे जुने कागद दाखवावेत. अँजिओग्राफी एकीकडे, अँजिओप्लास्टी दुसरीकडे, असे झाले की पहिला खर्च खिशातून जातो आणि वयस्क माणसाला दोनदा त्या टेबलावर जावे लागण्याची शक्यताही वाढते. अर्थात अँजिओग्राफीत अडथळा निघालाच नाही, तर त्या तपासणीचा खर्च तुमच्यावर पडू शकतो. तो किती असेल, हे आधीच विचारून ठेवा.

नागपुरात तुमच्यासमोर मोठी सरकारी रुग्णालयेही आहेत. मेडिकलचे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधील एम्स या दोन्ही ठिकाणी हृदयविकार विभाग आहे. तिथे गर्दी असते, रांग लांब असते आणि सोबत माणूस लागतो, हे मी लपवणार नाही. पण तातडी नसलेल्या रुग्णासाठी, ज्याच्या घरी तुमच्यासारखी धावपळ करणारी लेक आहे, तो मार्ग टाळण्याचे मला कारण दिसत नाही.

भरतीच्या दिवशी सर्वांत आधी आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा. खासगी रुग्णालयातही योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतो. तो कार्ड तपासून नोंदणी करतो, डॉक्टर निदान आणि आवश्यक अहवाल जोडतात, आणि मग पूर्वपरवानगीचा प्रस्ताव ऑनलाइन जातो. रुग्णालयातले लोक याला प्रीऑथ म्हणतात. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत ही परवानगी आल्याशिवाय तारीख पक्की करू नका. रुग्ण अत्यवस्थ असेल तर परवानगीसाठी उपचार थांबवायचे नसतात, तातडीची मंजुरी फोनवरून घेता येते. मात्र "हा योजनेचा रुग्ण आहे" हे भरतीच्या वेळीच सांगा. रोखीचा रुग्ण म्हणून कागद एकदा तयार झाले की ते मागाहून फिरवताना फार त्रास होतो.

सीजीएचएसवाला

मी महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालो आहे आणि सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स भागात माझ्यासारखे बरेच जण आहेत, म्हणून आमच्या गटासाठी लिहितो. केंद्र सरकारचे कर्मचारी व निवृत्तांची आरोग्य योजना सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची योजना, या तिन्हींतील सत्तरीपुढच्या लोकांना आपली जुनी योजना किंवा आयुष्मान यांपैकी एकच निवडता येते आणि ही निवड एकदाच करायची असते. सीजीएचएसच्या केंद्रावर आपल्याला डॉक्टरांचा सल्ला आणि दरमहा रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मिळतात. वय वंदना कार्डावर यातले काहीही मिळत नाही. माझ्या वयात रुग्णालयात भरती होण्याची वेळ क्वचित येते, गोळ्या मात्र रोज लागतात. त्यामुळे कोणी आग्रह केला म्हणून मोबाइलवर अंगठा लावून मोकळे होऊ नका. आधी नीट विचार करा. खासगी विमा असणारे किंवा कर्मचारी राज्य विमा योजनेतील (ईएसआयसी) लोक मात्र आपले संरक्षण न सोडता हे कार्ड घेऊ शकतात, त्यांना ही अडचण नाही.

महालची सूनबाई

माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत आणि सासरे ८१ वर्षांचे. दोघांना पाच-पाच लाख, म्हणजे घरात दहा लाख, असे आम्ही धरून चाललो आहोत. ते बरोबर आहे का?

माजी समाजसेवा अधीक्षक

नाही. एका कुटुंबातील सत्तरीपुढच्या सर्वांमध्ये मिळून वर्षाला पाच लाख आहेत. तुमच्या सासूबाई आणि सासरे दोघे ते वाटून वापरतील. कार्ड मात्र दोघांची स्वतंत्र निघतात, आणि बहुधा त्यामुळेच दहा लाखांचा समज पसरतो. ज्या कुटुंबाला आयुष्मान योजना आधीपासून लागू आहे, तिथल्या वृद्धांना हे पाच लाख वेगळे, वाढीव म्हणून मिळतात आणि घरातील तरुणांना त्यातून खर्च करता येत नाही. केंद्राच्या या तरतुदीमागचा विचार मला मनापासून पटतो. कारण घरातील एका तरुणाचा अपघात झाला की म्हाताऱ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षावर जाते, हे मी नोकरीत अनेक घरांत पाहिले आहे.

विम्याचा अभ्यासक, प्रतापनगर

खासगी पॉलिसी सोडण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण ताईंच्या बाबांनी हा निर्णय रागाच्या भरात घेऊ नये असे मला वाटते.

पहिली गोष्ट, हप्त्याच्या वाढीवर आता काही प्रमाणात लगाम आहे. विमा नियामक आयआरडीएआयने जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावले की ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटीही हटला आहे. तेव्हा मागच्या वर्षीच्या पावतीवर निर्णय न घेता, या वर्षीची नूतनीकरणाची सूचना हातात घेऊन आकडा पाहा.

दुसरी गोष्ट, जुन्या पॉलिसीत जमलेली वर्षे ही खरी संपत्ती आहे. आधीच्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा ठेवता येतो, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली असे कारण देऊन कंपनी दावा नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच तसे करता येते. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांपुढच्यांनाही नवी पॉलिसी विकण्याची वाट कंपन्यांना मोकळी झाली आहे. पण हृदयविकाराची शंका असलेल्या ७४ वर्षांच्या माणसाला ती कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर मिळेल, याचा विचार करा. सोडलेली पॉलिसी पुन्हा त्याच अटींवर हाती येत नाही.

तिसरी गोष्ट आईची. पॉलिसी दोघांची मिळून आहे. बाबांना सरकारी कार्ड आहे म्हणून ती बंद केली, तर आईचेही संरक्षण जाईल, आणि आईला सत्तरी गाठायला अजून अवकाश आहे. हप्ता डोईजड होत असेल तर विमा रक्कम कमी करून घेता येते किंवा तीच वर्षे जमेस धरून दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येते. पोर्ट करायचे असल्यास नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. जुन्या करप्रणालीत असाल तर ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत करवजावट मिळते, नव्या करप्रणालीत ती मिळत नाही.

माझे मत असे की ज्यांना हप्ता भरणे खरोखरच शक्य नाही, त्यांनी सरकारी योजनेवर विसंबण्यात कसलाही कमीपणा नाही. पण ज्यांना शक्य आहे, त्यांनी निदान एक-दोन वर्षे दोन्ही ठेवून आपल्या नेहमीच्या रुग्णालयात कार्ड प्रत्यक्ष चालते का, हे पाहावे आणि मग ठरवावे.

बाबूळखेडा

हप्ता भरण्याची ऐपत नसणारे आमच्या वस्तीत जास्त आहेत, म्हणून विचारतो. सरकारी दवाखान्यात आता सगळेच मोफत झाले, असे ऐकले होते. मग आजीच्या वेळी मेडिकलमध्ये पैसे का लागले?

माजी समाजसेवा अधीक्षक

भाऊ, १५ ऑगस्ट २०२३ पासून जो मोफत उपचाराचा निर्णय लागू झाला, तो राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी आहे. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, म्हणून तिथे केसपेपर आणि तपासण्यांचे शासकीय शुल्क लागते. दोन्ही रुग्णालये सरकारीच, पण खाती वेगळी, आणि रुग्णाला हे कोणी समजावून सांगत नाही. आजीला पुन्हा नेण्याची वेळ आली तर भरती होताच आरोग्यमित्राकडे महात्मा फुले योजनेची किंवा वय वंदना कार्डाची नोंद करा. शस्त्रक्रियेचे, डायलिसिसचे, केमोथेरपीचे मोठे खर्च त्यातून निघतात.

एक वेगळा मार्गही लक्षात ठेवा. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धन गटासाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल गटासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, सोबत उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड न्या. वयाची अट नसल्यामुळे साठी-पासष्टीतल्या लोकांना याचा उपयोग होतो.

सेवा केंद्र चालक

कार्ड काढण्याबद्दल थोडेसे. आयुष्मान ॲपवर किंवा योजनेच्या लाभार्थी संकेतस्थळावर सत्तरीपुढच्यांसाठी वेगळी नोंदणी आहे. आधार क्रमांक, आधारशी जोडलेला मोबाइल आणि रुग्णाचा चेहरा, एवढे पुरते. बऱ्याच आजी-आजोबांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. अशा वेळी ओटीपीने, डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, तेव्हा निराश होऊन परत जाऊ नका. कार्डासाठी सरकारी शुल्क नाही. घरी येऊन "पाच लाखांचे कार्ड मंजूर करून देतो" म्हणत ओटीपी मागणाऱ्या अनोळखी माणसाला दारातूनच परत पाठवा. केंद्राच्या योजनेची मदतवाहिनी १४५५५ आहे आणि राज्याच्या योजनेची १५५३८८. कोणते रुग्णालय कोणत्या विभागासाठी नोंदलेले आहे, हे तिथे विचारता येते.

पुण्याला मुलगा, नागपूरला आम्ही

आम्ही हिवाळ्यात मुलाकडे पुण्याला आणि उन्हाळ्यात मुलीकडे बेंगळुरूला असतो, कारण नागपूरचा मे महिना आता सोसत नाही. तिकडे कार्ड चालेल का?

माजी समाजसेवा अधीक्षक

वय वंदना कार्ड योजना लागू असलेल्या राज्यांत कोणत्याही नोंदणीकृत रुग्णालयात चालते, म्हणून प्रवासात ते जवळ ठेवा. तुम्ही जिथे राहणार आहात, त्या घराजवळची दोन रुग्णालये आधीच शोधून ठेवा. मदतवाहिनीवरून हे काम होते. दुखणे आल्यावर मुलांना ऑफिसमधून धावत येऊन ते शोधावे लागू नये.

त्रिमूर्तीनगरची लेक

आईच्या गुडघ्यांबद्दल विचारायचे राहिले. आणि आणखी एक अडचण आहे. आईचे खरे वय ७० आहे. आधारवर जन्मवर्ष दोन वर्षांनी पुढचे लागले आहे. तिच्या शाळेचा दाखला माझ्या मामांकडे सावनेरला आहे.

माजी समाजसेवा अधीक्षक

गुडघ्यांसाठी आधी अस्थिरोग विभागात दाखवा आणि सांधेरोपण लागणार असेल, तर तारीख घेण्यापूर्वी आरोग्यमित्राला तो विशिष्ट उपचार त्या रुग्णालयाला मंजूर आहे का, हे विचारा. योजनेतील काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. फिजिओथेरपी, काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांची अपेक्षा या कार्डाकडून ठेवू नका. उपकरणांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, ज्यात ६५ वर्षांपुढच्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला एकरकमी ३,००० रुपये मिळतात. पण बाबांचे निवृत्तिवेतन पाहता तुम्ही त्यात बसणार नाही, असे वाटते.

जन्मतारखेचे मात्र या आठवड्यातच बघा. योजना आधारवरचेच वय मानते, तोंडी सांगितलेले किंवा दुसऱ्या ओळखपत्रावरचे नाही. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि त्यासाठी आधार केंद्रावर स्वतः जावे लागते. म्हणून मामांकडून मूळ दाखला मागवा, त्यावरचे आईचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का ते पाहा, कारण लग्नापूर्वीचे नाव असेल तर जोडकागद लागेल. तो दाखला ग्राह्य धरला जाईल का, हे केंद्रावर आधी विचारून मगच आईला घेऊन जा. तोपर्यंत आई महात्मा फुले योजनेत आहेच आणि खासगी पॉलिसीतही आहे, त्यामुळे तिचा उपचार या दुरुस्तीसाठी अडवून ठेवू नका. बाबांचे कार्ड काढून झाले आणि हृदयविकार विभागाची चौकशी झाली की इथे लिहा, पूर्वपरवानगीचे कागद लावताना लागेल ती मदत मी करीन.

त्रिमूर्तीनगरची लेक

मामांना आत्ताच फोन केला, ते रविवारी दाखला घेऊन येत आहेत. बाबांची नोंदणी उद्या सकाळी करते. पॉलिसीच्या नूतनीकरणाला अजून दोन महिने आहेत, तोपर्यंत ती बंद करायची नाही, हे बाबांनी मान्य केले आहे.